पांढुर्ण्यात कुठं परिषद होते का?

गौतमदादा,

तुझ्या समितीनं आमच्या परिषदेचं अनुदान नाकारलं, त्याचा एवढा राग नाही आला. राग आला तुझ्या फोनचा. "मृणाल, पांढुर्ण्यात कुठं आंतरराष्ट्रीय परिषद होते का? दिल्लीत घेऊ. तू फक्त गोटमारीचे फोटो आण," म्हणाला आणि वर हसला.

दोन गावांच्या त्या दगडफेकीत योगेशचा डोळा गेला, तेव्हा तू इथंच होता. दगड पलीकडच्या गावच्या गुणवंतानं मारला आणि खांद्यावर टाकून दवाखान्यातही त्यानंच नेलं. गर्दीत माणसाचं असं काय होते, हे मला जगातल्या अभ्यासकांना इथं, नदीकाठी बसवून विचारायचं होतं. आपल्या भावाचा डोळा म्हणजे तुझ्या पडद्यावरचा फोटो नाही!

परिषद होऊनच राहिली आहे. नेपाळच्या आणि तुर्कस्तानच्या दोन प्राध्यापिका स्वतःच्या खर्चानं येऊन राहिल्या आहेत. गुणवंता बोलणार आहे. योगेश त्याच्या शेजारी बसणार आहे.

काल तुझ्या आईनं पाहुण्यांसाठी तुझी खोली झाडली. "गौतमनंच जमवलं ना हे सारं?" काकूनं कौतुकानं विचारलं. मी "हो" म्हटलं.

म्हणून हे पत्र पेटीत टाकत नाही.

तरीही तुझी बहीण,
मृणाल