फुलोऱ्यातली तांदळाची वेणी

आई, परवा महालक्ष्म्यांचं विसर्जन झालं. मांडव काढला, मुखवटे पुसून डब्यात ठेवले आणि आज दुपारी जरा मोकळी झाले म्हणून तुला लिहायला बसले आहे. सांगायचं आहे ते एवढंच, की मला अजून ताईचा हेवा वाटतो. केस पिकले, लेकीचं लग्न ठरायला आलं, आणि हेवा मात्र तसाच, पुसदच्या त्या भाड्याच्या घरात स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसलेला.

उंबऱ्यावर मी बसले आहे, कारण मला आत यायची बंदी आहे. माझ्या हातांना मैदा लागलाय आणि तू ताईचं करते आहेस. ताईला गहू सोसत नाही. हातापायांच्या काड्या, पोटाचा नगारा, खाल्लेलं काही म्हणून अंगी लागत नाही, असं होऊन होऊन शेवटी नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की गहू, रवा, मैदा बंद, तोही जन्मभर. आणि महालक्ष्म्यांचा फुलोरा तर सगळाच मैद्याचा! करंज्या, पापड्या, फणी, वेणी, सगळं तळून दोऱ्यांनी मांडवाला टांगायचं आणि विसर्जनानंतर आम्ही पोरींनी तोडून खायचं. म्हणून तू ताईसाठी एक वेणी तांदळाच्या उकडीची करायचीस. छोटी कढई राखेनं घासून, कोरं तेल ओतून, बाकी सगळ्याच्या आधी. उकड काही मैद्यासारखी वळत नाही, पेड घालता घालता तुटायची. तेलात फुटायची, तेल उडायचं, तुझ्या मनगटावर डाग पडायचे. मला त्या डागांचाही हेवा वाटायचा. माझ्यासाठी तुला कधी भाजलं नव्हतं.

ती वेणी तू थोरल्या महालक्ष्मीच्या डोक्यावर टांगायचीस, ताई थोरली म्हणून. आरतीभर माझे डोळे तिथेच. मला वाटायचं, थोरल्या महालक्ष्मीलाही गहू सोसत नसेल, आणि धाकटी बिचारी माझ्यासारखी धडधाकट, म्हणून तिच्याकडे कोणी बघत नाही. एका वर्षी न राहवून मागितलीच, मलाही तांदळाची हवी म्हणून. तू पुरण वाटत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "तुह्या पोटाले काय धाड भरली? सारा फुलोरा त तुहाच आहे. तिची एक वेणी तुह्या डोळ्यात काहून सलते?" ताई तिथेच होती. विसर्जन झाल्यावर तिनं ती वेणी माझ्यासमोर मिटक्या मारत, कणसुद्धा न सांडता खाल्ली. "कशी झाली वं?" तू विचारलंस. "भल्ली मस्त," ताई म्हणाली, आणि तुझा चेहरा असा उजळला की माझ्या हातातली करंजी मला नकोशी झाली.

या उन्हाळ्यात माझं रक्त काही केल्या वाढेना, पोट बिघडलं ते बिघडलेलंच. यवतमाळच्या डॉक्टरांनी विचारलं, घरात आणखी कोणाला असा त्रास आहे का? मी ताईचं सांगितलं. तपासणी झाली आणि निघालं तेच. खरं सांगू, आधी मला आनंद झाला! वाटलं, आता माझी पाळी. लोहाऱ्याच्या रस्त्यानं घरी येईपर्यंत तो टिकला, आणि कुलूप उघडताना लक्षात आलं की करणारी तू आता कुठे आहेस. तिथेच पायरीवर बसून रडले. हे म्हणाले, "पोळीसाठी कोणी रडते काय? दुकानात भेटते न तसलं पीठ." भेटतं की. ताईच्या आजाराला तू मिळालीस, माझ्या आजाराला पाकीट.

महालक्ष्म्यांना ताई वणीहून आली, स्वतःची कढई आणि चाळणी पिशवीत घालून. चपला काढल्या आणि स्वयंपाकघराचा ताबा घेतला. "हे पोळपाट हटव आधी. याच्यात साऱ्या जन्माची कणीक बसली आहे. अन् तू बाहेर बस, पोरीले मैदा मळून देत होती न आत्ता? तुले कायले पाहिजे तो मैदा?" म्हणजे या वयातही मी उंबऱ्यावरच. उकडीत तिनं तुपाचा थेंब सोडला. म्हणाली, "आईनं सांगतलं होतं, तुपानं कमी फुटते." मला तू हे कधी सांगितलं नव्हतंस. कसं सांगशील, मी आत होते कुठे? तुझं काहीतरी ताईला ठाऊक आणि मला नाही, असं निघालं की अजून पोटात आग पडते. गव्हानं पडते त्याहून जास्त. वेणी झाली, आणि ताईनं ती न विचारता धाकट्या महालक्ष्मीच्या डोक्यावर टांगली.

विसर्जनानंतर तिनं ती काढून माझ्या हातात दिली. मी चावा घेतला. आई, ती चांगली नव्हती गं. वरून दगड, आतून चिकट, आणि चव कशाचीच नाही. मला वाटलं, ताईची बिघडली. तिला माझ्या तोंडावरूनच कळलं. "आईची बी अशीच होये," ती म्हणाली. "घशाखाली उतरत नव्हती माय. पण ती हात भाजून करे, मंग तिले काय सांगू? खात होती मिटक्या मारून." आणि हसत सुटली.

इतकी वर्षं ज्या वेणीसाठी जळले ती खायच्या लायकीची नव्हती, हे कळल्यावर तरी हेवा मिटायला हवा होता. मिटला नाही, वाढला. ताई काल वणीला गेली. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, तिलाही दाखवायचं नाही. पण तुला सांगते, ती गेल्यावर उरलेली वेणी मी ओट्याशी उभी राहून संपवली, मिटक्या मारत. कशी झाली, असं कोणी विचारलं नाही. मलाही एकदा तुझ्याशी तेवढं खोटं बोलायचं होतं.