आजोबांचा तुफान कसा केला

२ मार्च

आजपासून रोज लिहायचं. यशस्वी माणसं रोजनिशी लिहितात, असं बसमध्ये शेजारी बसलेल्या एकाने सांगितलं. तो स्वतः यशस्वी दिसत नव्हता, पण तो लिहीत नसेल.

मावशीकडे पोचलो. तिचे गुडघे गेलेत. शोच्या रिंगणात घोड्याच्या बाजूने पळायला माणूस लागतो, म्हणून तिने मला बोलावलं. आई तिला फोनवर म्हणाली होती म्हणे, की घेऊन जा, पळून जाणं एवढंच त्याला नीट जमतं. आईचा माझ्यावर विश्वास आहे.

३ मार्च, सकाळ

काम समजून घेतलं. मावशीकडे सगळे भुरके. म्हणजे मळक्या मातीच्या रंगाची, बुटकी, रुंद पाठीची जात. पूर्वी दुधाच्या गाड्या ओढायचे. आता गाड्या नाहीत, म्हणून भुरकेही फारसे नाहीत. पाळणारे बोटांवर मोजण्याइतके.

मावशीची सगळी आशा मुलांच्या केंद्रावर. ज्या मुलांना नीट चालता येत नाही, त्यांना तिथे घोड्यावर बसवून व्यायाम देतात. केंद्राच्या बाई शांत घोडे शोधतायत आणि शो बघायला येणार आहेत. त्यांनी भुरके घेतले तर बाकीची केंद्रंही घेतील. नाही घेतले, तर मावशी म्हणाली, ही जात माझ्याबरोबरच संपली असं समज.

नो टेन्शन, म्हटलं. मी आहे.

३ मार्च, संध्याकाळ

शोला न्यायच्या घोड्याचं नाव आजोबा! शिंगरू असल्यापासून आजोबाच. जन्मल्यावर उभा राहायचीसुद्धा त्याला घाई नव्हती म्हणून.

मावशी सांगत होती, लहानपणी ती आणि आई याच्या पणजीच्या पोटाखाली सावलीला झोपायच्या. मुली उठेपर्यंत घोडी पाय उचलायची नाही. माश्या चावल्या तरी नाही. गोष्ट चांगली आहे. मार्केटिंगच्या दृष्टीने शून्य.

७ मार्च

मोबाईलवर मोठमोठ्या शोचे व्हिडिओ पाहिले. तिथले घोडे बघा. मान उंच, नाकपुड्या फुललेल्या, डोळ्यांत आग. आणि आमचा आजोबा. सोफ्याला शेपूट लावलीय.

मावशीला सुचवलं, थोडा जोश आणू. ती म्हणाली, जोश नको रे बाबा, जोश असलेले घोडे गल्लोगल्ली मिळतात. याला नुसता उभा कर, खूर उचलून दाखव, चालव आणि घरी ये. मी हो म्हटलं. जुनी पिढी आहे, वाद घालायचा नाही. शोसाठी त्याचं नाव मात्र ‘तुफान’ असं नोंदवलं.

संकल्प: रोज पहाटे पाच किलोमीटर धावणे. उद्यापासून.

१२ मार्च

बसस्टँडवर एक माणूस भेटला. रेसच्या घोड्यांकडे काम केलेला. त्याने ट्रिक दिली. गोळ्यांची चपटी पत्र्याची डबी घ्यायची, आत खडे टाकायचे. डबी वाजवायची आणि लगेच चाबूक. पुन्हा डबी, पुन्हा चाबूक. काही दिवसांनी चाबूक लागत नाही. नुसती डबी वाजली की घोडा पेटतो. रिंगणात चाबूक चालत नाही, पण खिशातल्या डबीबद्दल नियमात अक्षर नाही.

सायन्स आहे हे.

मावशी दुपारी गुडघे शेकवायला जाते, तेव्हा मागच्या कोठारात प्रॅक्टिस. चाबूक मी हवेत मारतो. बहुतेक वेळा हवेत.

१३ ते १८ मार्च

एका पोराकडून गिटार घेतली होती वाजवायला, त्यात गेले. पण आजोबांची प्रॅक्टिस चुकवली नाही. धावणं पुढच्या सोमवारपासून.

२० मार्च

आजोबा पेटू लागले! डबी वाजवली की मान अशी वर जाते की बघत राहावं. अंगाला घाम फुटतो. म्हणजे फिटनेसही होतोय.

२३ मार्च

आजोबा खुराक खात नाहीत. मावशी पत्र्याच्या मापात दाणे घेऊन जाते, तो खळखळ आवाज ऐकला की ते कोपऱ्यात तोंड घालून उभे. मावशी काळजीत. डॉक्टरीणबाई आल्या, दात तपासले, काही सापडलं नाही. मी म्हटलं, वयच झालंय. बाईंनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. पाहणारच. तरुण माणसं या धंद्यात कमी येतात.

मावशीने प्लास्टिकची बादली आणली. आता खातात. माप भिंतीला टांगून ठेवलंय.

२ एप्रिल, शो

जिंकलो!!

आत जाताना आजोबा नेहमीसारखे पेंगत होते. परीक्षक समोर आले, मी खिशात हात घातला आणि एकदाच हलवला. आजोबा मागच्या पायांवर उभे! लोक खुर्च्यांवरून उठले. टाळ्या. कोणी तरी शिट्टी मारली. पहिली फीत. भुरक्याला पहिली फीत याआधी कधी मिळाली, ते परीक्षकांनाही आठवेना.

मावशी मात्र खुर्चीत बसल्या जागी बसून. डोळ्यांत पाणी. आनंदाचं असावं. केंद्राच्या बाईंनी तिला विचारलं, हा नेहमीच असा असतो का हो? मावशी घाईघाईने म्हणाली, छे छे, घरी अगदी गाय आहे, गर्दीला बिचकला असेल, माझ्या शब्दावर एकदा ट्रायलला घ्या. बाई म्हणाल्या, तुमच्या शब्दावर घेते, उन्हाळा संपताना बघू.

म्हणजे डबल यश. परतताना टेम्पोत मावशी मागे वळून आजोबांकडेच बघत होती. फक्त एकदा म्हणाली, त्याच्या वंशात कोणी असं पाय उचललेलं मी पाहिलं नाही रे.

मी म्हटलं, सुरुवात कोणीतरी करावी लागते.

६ एप्रिल

पेपरात फोटो. आजोबा हवेत, मी दोरीला. माझा चेहरा त्यांच्या पायामागे गेलाय, पण बूट ओळखू येतात.

दुसरे भुरकेवाले, त्यांना सगळे मिशीवाले म्हणतात, मुद्दाम भेटायला आले. माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणाले, काय केलंस सांग की लेका, आम्ही काय परके आहोत? शपथ घातली कोणाला सांगायचं नाही म्हणून, मग सांगितलं. नंतर आणखी दोघांना. सगळ्यांना शपथ घातली.

२८ एप्रिल, दुसरा शो

रिंगणात सगळे भुरके, आणि प्रत्येकाच्या खिशात डबी. काय तो आवाज! पावसाचे थेंब पत्र्यावर पडावेत तसा. मिशीवाल्यांची घोडी तर उडालीच, त्यांच्या माणसाच्या मांडीवर नाल बसला. तीन टाके.

मी एकट्याने सुरू केलेली चळवळ आहे ही, हे विसरून चालणार नाही.

आम्हाला फीत मिळाली नाही. राजकारण.

९ मे

आयोजकांनी कळवलंय, यापुढे भुरक्यांना स्वतंत्र रिंगण, दुहेरी कुंपण, प्रेक्षक लांब. व्हीआयपी ट्रीटमेंट! मावशीला आनंदाने सांगायला गेलो. ती म्हणाली, मुलांना जवळ नेऊ नये असंही लिहिलंय का? लिहिलं होतं. ती उठून घोड्यांत जाऊन बसली.

१५ मे

रोज फोन येतायत. भुरक्यांचं नाव आता सगळ्यांना माहीत झालंय. एकाने गेल्या वर्षी नेलेलं शिंगरू परत आणून सोडलं. ते काही करत नव्हतं, पण बायको म्हणते, ही जात घरात नको. मावशी त्याला म्हणाली, अहो, तुमच्या पोरांनी याच्या पाठीवर बसून अभ्यास केलाय. तो म्हणाला, ताई, तुमचं खरं आहे, पण पेपरातही आलंय ना.

शिंगराने माझ्या खिशातला रुमाल खाल्ला. जोश अजिबात नाही.

२७ मे

ट्रायल सुरू. आजोबा केंद्रात. मी दोरी धरायला. डबी सोबत आहे, पण वाजवायची नाही असं ठरवलंय. इथली ऑडियन्स वेगळी आहे.

एक मुलगी आहे, पायांत पट्ट्या, पण तोंड अखंड चालू, म्हणून तिला भिंगरी म्हणतात. तिला वर बसवलं. आजोबा जमिनीत रोवल्यासारखे उभे. भिंगरीने त्यांच्या आयाळीत तोंड खुपसलं आणि विचारलं, याला गोष्ट सांगितली तर कळेल का? मावशी म्हणाली, सांग, माणसांपेक्षा जास्त कळेल. अर्धा तास ती सांगत होती. आजोबांचा एक कान तिच्याकडे.

केंद्राच्या बाई मावशीला म्हणाल्या, असेच आणखी चार बघून ठेवा. मावशीने माझ्या पाठीवर हात फिरवला. शोचा फायदा तिलाही आता दिसतोय.

३ जून

तिसरी खेप. आज नवा व्यायाम होता. घोड्यावर बसून मणी उचलायचे आणि दोऱ्यात ओवायचे. लाकडी मणी. मदतनीस ताई घेऊन आली.

पत्र्याच्या डब्यात.

मला आधी कोणी सांगितलं नव्हतं, पत्र्याचा डबा असेल म्हणून.

४ जून

भिंगरीचा हात दोन ठिकाणी मोडला. डोक्यालाही लागलंय. शुद्धीवर आहे. बोलत नाही.

तो डबा प्लास्टिकचा का ठेवत नाहीत, हा प्रश्न कोणीच विचारत नाहीये.

६ जून

मावशी दवाखान्यात गेली होती. भिंगरीच्या वडिलांनी तिला आत सोडलं नाही. म्हणाले, तुम्ही शब्द दिला होतात. ती खाली बाकावर बसून राहिली, संध्याकाळपर्यंत.

घरी आल्यावर म्हणाली, रक्तातच असणार. मीच आंधळी झाले. चाळीस वर्षं लोकांना सांगत आले, घ्या, लेकरांसाठी घ्या.

तिला डबीचं सांगायचं ठरवलंय. उद्या. आज ती दमलीय.

७ जून

तिचं बीपी वाढलंय. अशात नको.

९ जून

आज जरा जेवली. जेवताना असलं काही काढू नये.

११ जून

भुरकेवाल्यांची मीटिंग आमच्या अंगणात. मिशीवाले सगळ्यांत मोठ्याने म्हणाले, जातच खराब निघाली, मान्य करा आणि मोकळे व्हा. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी छताकडे पाहिलं. अंगणाला छत नाही.

ठरलं की भुरके मुलांसाठी द्यायचे नाहीत. मग कशासाठी द्यायचे, ते कोणी बोललं नाही.

१४ जून

मावशीने घोड्या आणि ते शिंगरू विकायला काढलं. घेणारा एकच आहे, ट्रकवाला. तो कुठे नेतो ते मावशीने विचारलं नाही. मीही नाही. तिकडून घोडे परत येत नाहीत, एवढं सगळ्यांना माहीत आहे.

आज नक्की सांगणार. रात्रीच्या जेवणानंतर.

१५ जून

लाईट गेली होती.

१७ जून

घोड्या गेल्या. स्वतःहून चढल्या, एकामागून एक, फळीवर पाय जपून ठेवत. शिंगरू शेवटी. ट्रकवाला म्हणाला, गरीब दिसतायत की, ऐकलं होतं तसं काही नाही. मावशी आत गेली.

आजोबा परवाच्या खेपेला.

आता सांगून काय फायदा? उगाच तिला त्रास. हा निर्णय तिच्या भल्यासाठी आहे.

१९ जून, सकाळ

ट्रक आला. आजोबा फळीवर चढेनात. ट्रकवाला मागून ढकलत होता, म्हणत होता, भुरका ना, माहीत आहे, डोक्याने सटकलेली जात. मावशी पुढे आयाळ धरून उभी. चला आजोबा, उशीर होतोय, चला बरं, म्हणत होती. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला दवाखान्यात नेताना म्हणतो तसं.

मला बघवेना. हात खिशात गेला. सवयीने. खरंच सवयीने.

डबी वाजली.

आजोबा ताठ झाले. मान वर, कान टोकदार, नाकपुड्या फुललेल्या, चारही पाय जिथल्या तिथे. शोमध्येसुद्धा इतके सुंदर उभे राहिले नव्हते. थरथर फक्त जवळून दिसत होती. ट्रकवाला म्हणाला, आयला, काय देखणं जनावर आहे!

मावशीने आजोबांकडे पाहिलं. मग भिंतीवर टांगलेल्या पत्र्याच्या मापाकडे. मग माझ्या खिशाकडे. हात पुढे केला. मी डबी दिली.

तिने ती कानाशी नेऊन हळूच हलवली. आजोबा मागे सरकले. तिच्यापासून.

तिने विचारलं, कधीपासून? मी म्हटलं, मार्चपासून, आणि मी आजच सांगणार होतो. ती ओरडेल असं वाटलं. ती म्हणाली, घोड्या गेल्या रे. मग पुन्हा तेच म्हणाली. मग आजोबांच्या गळ्यातली दोरी सोडली आणि ते आपले आपण तबेल्यात परत गेले. रिकाम्या.

१९ जून, दुपार

मावशीने ट्रक रिकामा पाठवला नाही. माझी बॅग स्वतः लंगडत आणून ड्रायव्हरच्या शेजारी ठेवली.

एका अर्थी बरंच झालं. घोड्यांमध्ये आता स्कोप उरलेला नाही. कुत्र्यांचेही शो असतात म्हणे. उद्यापासून त्याची माहिती काढायची. धावणंही.

ट्रकवाल्याने विचारलं, तू काय काम करायचास तिथे? हँडलर होतो, म्हटलं. त्याने मान हलवली आणि रस्त्याकडे पाहू लागला.

मागे कुठला तरी पत्रा सैल आहे. खड्डा आला की वाजतो. ट्रकवाला म्हणतोय, असा ताठ काय बसलायस, टेक की मागे, लांब जायचंय.

टेकवत नाही.