कुंकू लावलेलं प्लायवूड

शनिवार, संध्याकाळ

परवा सकाळी देवघरासाठी खडेबाजारातून प्लायवूड आणलं. वरचा गुळगुळीत थर बघून भुललो. घरी आल्याबरोबर त्याला हळदकुंकू लावलं आणि मग उजेडात कड दिसली. आतल्या थरांत बोट जाईल एवढ्या फटी!

परत नेलं, तर दुकानदार हसला. "आप्पा, पुजलेला माल आमी कसा घेऊ?"

घरी बायको म्हणाली, "कड बघायच्या आधी कुंकू कशाला लावलासा ओ?"

कड. तेवढीच तर बघायची होती. देवाचं काम म्हणून विश्वास टाकला, की नुसता आळस? दोन दिवस स्वतःवरच चिडलोय. पोकळ लाकडात देव ठेवायला मन घेईना आणि पुजलेलं अडगळीत टाकवेना. शेवटी आज दुपारी ते कापलं आणि तांदळाच्या पिंपांना झाकणं केली.