हनोईच्या फुटपाथवरचे शिंगाडे

माय, तुला वाचता येत नव्हतं, म्हणून तुझ्या नावानं मी कधी काही लिहिलंच नाही. आज गोंदियाला लागून असलेल्या मुर्रीच्या घरात ओसरीवर बसून लिहिते आहे. मागच्या महिन्यात शाळेतल्या बायकांबरोबर व्हिएतनामला जाऊन आले. तुला हे नाव माहीत असायचं कारण नाही. विमानानं जावं लागतं, एवढं समज.

तिथे हनोई नावाच्या शहरात फुटपाथवर एक बाई बसली होती. बाजूला कावड, तिच्या दोन टोपल्यांत उकडलेले काळे शिंगाडे. आपल्याकडे बोडीच्या पाण्यात पिकतात त्यांपेक्षा मोठे, बैलाच्या शिंगांसारखे वाकलेले. पण वाफेचा वास तोच. मी चालता चालता थांबले. तिची बोटं नखांपर्यंत काळी पडलेली होती. तुझीही हिवाळाभर तशीच असायची. मग पुढे जाववेना.

मला कॉलेजातला तो दिवस आठवला. आपण दोघी एकाच बसनं गोंदियाला यायचो. तुझी टोपली टपावर, माझी वह्यांची पिशवी मांडीवर. स्टँडवर उतरलो की मी भरभर पुढे निघून जायची. तू कधी हाक मारली नाहीस. त्या दिवशी दुपारी मैत्रिणींनी बाजारात नेलं आणि नेमक्या तुझ्याच टोपलीपुढे त्या थांबल्या. एकीनं घासाघीस सुरू केली, "मौसी, ठीक से लगाओ ना." तू म्हणालीस, "घ्या बाई, आजच बोडीतून काढले." दुसरी तुझ्याकडे आणि माझ्याकडे आळीपाळीनं बघत होती. तिनं विचारलं, "मौसी, आप इसके गाँव की हो क्या?" मी पायातल्या चपलेकडे बघते आहे. तू माझ्याकडे बघते आहेस, हे मला न बघताही कळतं आहे. मग तुझा आवाज येतो, "नाही जी. मी नाही ओरखत यायले."

हिले नाही, यायले. पोटच्या पोरीला तू परक्या बाईसारखा मान दिलास. वर मूठभर शिंगाडे जास्तीचे टाकलेस. मैत्रिणींनी ते वाटून खाल्ले, मीही खाल्ले.

घरी तू नेहमीसारखा भात वाढलास. मला राहवलं नाही. "काऊन तसं बोलली वो माय?" तू चुलीतलं लाकूड मागे ओढलंस. "तू खाली पाहून राहिली होतीस. मंग मी काय म्हनू?" एवढंच. मग ताट माझ्याकडे सरकवत म्हणालीस, "जेव, थंडा होऊन राहिला." त्यात राग नव्हता. राग असता तर मी तुझ्या पाया पडले असते. मग मला नोकरी लागली, लग्न झालं, आणि एका पावसाळ्यात तापाचं निमित्त होऊन तू गेलीस. तो विषय आपल्यात पुन्हा निघालाच नाही.

हनोईतल्या त्या बाईनं एक शिंगाडा सोलून माझ्या तळहातावर ठेवला. बरोबरची बाई कॅल्क्युलेटरवर आकडे दाबून भाव पाडत होती. मी तिला म्हटलं, "राहू द्या हो," आणि टोपलीशी उकिडवी बसले. सुरी मागून घेतली, दोन्ही शिंगं उडवली, मधोमध चीर दिली; गर अख्खा बाहेर आला. ती बाई हसली, तिच्या भाषेत काही बोलली, मला अजून एक दिला. मीही हसले, आणि मग डोळे असे भरून आले की समोरची टोपली दिसेना.

"अय्या, तुम्हाला कसं जमतं हे?" बरोबरच्या बाईनं विचारलं.

माय, तिथे कॉलेजातलं कुणी नव्हतं. माझी निवृत्ती दोन वर्षांवर आली आहे, आता मला कोण हसणार होतं? तुझी पोर आहे, एवढंच म्हणायचं होतं. शब्द ओठापर्यंत आलेही होते.

मी म्हणाले, "आमच्या गावात एक बाई विकायची. तिचं बघून शिकले."

शाळेतल्या त्या बाईंचं घर इथून दहा मिनिटांवर आहे. खरं सांगायला म्हणून तीनदा निघाले. अजून गेलेले नाही.