अॅम्प्लिफायर दुरुस्त झाला, त्याबद्दल तक्रार

प्रति,
मा. अध्यक्ष,
जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग, लातूर.

अर्जदार: गुरुपादप्पा शिवलिंगप्पा शेटकार, वय ६८, धंदा आडत, रा. उदगीर.
गैरअर्जदार: अॅम्प्लिफायरची कंपनी व तिचे नांदेड येथील अधिकृत सेवा केंद्र.

विषय: दहा महिन्यांत अडीचशे दिवस दुरुस्तीत राहिलेला अॅम्प्लिफायर अखेर दुरुस्त झाल्याबाबत.
संदर्भ: कंपनीचे दि. ०६/०२/२०२६ चे पत्र.

महोदय,

कायद्याच्या भाषेत वरील मंडळींना गैरअर्जदार म्हणतात. अर्जदारास त्यांच्यासाठी दुसरेही शब्द येतात, पण ते अर्जात बसत नाहीत.

१. अर्जदाराच्या पत्नी सौ. महादेवी यांचा उजवा कान पूर्वीच गेला. डावाही चालला आहे, वर्षभर साथ देईल, ऐकायचे ते ऐकून घ्या, असे लातूरच्या डॉक्टरांनी सांगितले. श्रवणयंत्रातून त्यांना माणसे ऐकू येत, गाणे मात्र पत्र्यावर हरभरा ओतल्यासारखे वाटे. म्हणून अर्जदाराने गेल्या पाडव्याला परदेशी बनावटीचा अॅम्प्लिफायर व दोन स्पीकर घेतले. पहिल्याच संध्याकाळी माहेरची कन्नड वचने लावली, तेव्हा त्या म्हणाल्या, "अवो, यात डग्गा बी वाजतोय की!" तो डग्गा त्यांना सहा वर्षांनी ऐकू आला होता. अर्जदार त्या दिवशी फार खूश होता, हे कबूल आहे.

२. एकोणिसाव्या दिवशी यंत्र मुके झाले. चोवीस किलोचे ते धूड मांडीवर घेऊन अर्जदार एस.टी.ने नांदेडला गेला. वाहकाने त्याचे अर्धे तिकीट फाडले. सेवा केंद्राचे इंजिनिअर श्री. सुदर्शन यांनी "काका, तुमच्या गावचं करंटच बरोबर न्हाई" असे निदान केले व सत्तेचाळीस दिवसांनी यंत्र परत दिले. ते चार दिवस चालले. करंट तोच होता.

३. दुसऱ्या खेपेस सुटा भाग जहाजाने येत होता. जहाज पंचाहत्तर दिवस येतच होते. चौकशीस गेल्यावर श्री. सुदर्शन म्हणाले, "आमच्याकडं तर मस्त चालू हाय. आम्ही रोज लावून राहिलो." हे खरे होते, अर्जदाराच्या यंत्रावर केंद्रात लग्नाच्या वरातीची गाणी जोरात चालू होती. म्हणजे यंत्रात दोष नव्हता, ते फक्त उदगीरला नांदत नव्हते. घरी आणल्यावर नवव्या दिवशी ते पुन्हा रुसून बसले.

४. कंपनीच्या मदतवाहिनीवर "आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे" असे सांगून बासरी ऐकवतात. ती बासरी अर्जदारास आता तोंडपाठ आहे. ती न अडखळता वाजते, तेव्हा कंपनीने अॅम्प्लिफायरऐवजी तोच फोन विकावा, अशी नम्र सूचना.

५. तिसरी दुरुस्ती होऊन यंत्र आले आणि खंडेनवमी आली. आडतीतला काटा, मोटार यांच्या रांगेत अर्जदाराने यंत्रही ठेवले, त्याला विभूतीचे तीन पट्टे ओढले आणि नारळ फोडला. नारळ लांब फोडला, याची नोंद व्हावी. यंत्र त्या खेपेस सत्तावीस दिवस चालले, हा त्याचा विक्रम आहे. पुढे कंपनीने कळवले की, जाळीत पांढरी भुकटी सापडली, सबब वॉरंटी रद्द. अर्जदाराचे म्हणणे इतकेच की, भुकटीच्या आधी यंत्र तीनदा बंद पडले होते. कोणत्या उपायाने गुण आला, हे आयोगाने ठरवावे.

६. पंधरा पत्रांनंतर वॉरंटी जिवंत झाली. एकशे एक दिवसांनी, २ फेब्रुवारीस, श्री. सुदर्शन स्वतः यंत्र घेऊन उदगीरला आले. त्यांनी ते जोडले, वचने लावली. फळीवरची भांडी थरथरली. शेजारच्या मंजुषाताई कसला कार्यक्रम आहे म्हणून विचारायला आल्या. सौ. महादेवी स्पीकरसमोर मांडीवर हात ठेवून बसल्या होत्या. थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "कवा लावणार वो?"

श्री. सुदर्शन यांनी 'ग्राहक समाधानी' या कागदावर सही मागितली नाही. तेवढे त्यांच्या बाजूने लिहितो.

७. आता कंपनीचे पत्र आले आहे. यशस्वी दुरुस्तीबद्दल अभिनंदन करून तिने वॉरंटी अडीचशे दिवसांनी वाढवली आहे.

तरी विनंती की, यंत्र उत्तम चालू असल्याने ते बदलून देऊ नये. वाढीव अडीचशे दिवस तेवढे यंत्राऐवजी सौ. महादेवी यांच्या डाव्या कानास देण्याचा हुकूम व्हावा. ते जमत नसल्यास "उशीर आमच्यामुळे झाला" एवढे एक वाक्य गैरअर्जदारांनी लिहून द्यावे. अक्षर मोठे असावे, कारण आता तिला सगळे लिहूनच सांगावे लागते.

उदगीर, दि. १७/०२/२०२६

आपल्या हुकुमाची वाट पाहणारा नम्र अर्जदार,
(सही) गुरुपादप्पा शेटकार

सोबत:
१) खरेदीची पावती (सौ. महादेवी यांस दाखवू नये).
२) दुरुस्तीच्या चार पोचपावत्या.
३) कानतपासणीचे दोन अहवाल: एक पाडव्याआधीचा, एक गेल्या आठवड्यातला.