बाबा म्हणाले, पुरे झालं

साट्टुत, उम्मान्नाकची खाडी
१३ फेब्रुवारी १९८३

ती. बोलेथेताईस,
धाकट्या एनोकचा स. न. वि. वि.

तुझं पत्र आणि मोजे दोन्ही पोचले. मोजे झकास आहेत, फक्त एक दुसऱ्यापेक्षा वीतभर मोठा झालाय. माझे पाय अजून सारखेच आहेत गं. नूकला जाऊन दहा वर्षं झाली तर भावाचे पायसुद्धा विसरलीस!

सूर्य परत आला. सगळी वस्ती टेकडीवर कॉफीच्या किटल्या घेऊन जमली होती. तो आला, आमची तोंडं बघितली आणि लगेच पळाला. बाबा टोपी काढून त्याला हात करायचे, म्हणून मीही केला. एकट्याने करताना जरा वेड्यासारखं वाटलं.

बर्फ यंदाही धड नाही. भूशिराच्या टोकाशी, जिथे बाबा गेले, तिथे अजून काळं पाणी दिसतं. मी लांबून वळसा घेतो आणि पुढे लोखंडी पहार आपटत चालतो. मासा बरा लागतोय. तेव्हा काळजी करू नकोस.

आता तुझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. भावजींनी कोळंबीच्या कारखान्यात माझ्यासाठी जागा बघून ठेवली, त्यांचे उपकार. पण तिकडे आपली कुत्री नेता येत नाहीत, आणि एकदा या मुलखाबाहेर गेलेलं कुत्रं परत आणता येत नाही, हे तुला ठाऊक आहे. माणसांना तसा कायदा नाही, तरी तू कुठे परत आलीस? म्हणजे मी यायचं तर कुत्री संपवून यायचं. उप्पिकला बघितलं नाहीस तू. बाबांच्या कुत्र्यांतली ती एकच उरली. ते गेले तेव्हा पिल्लू होती म्हणून मागे राहिली, नाहीतर तीही त्यांच्याबरोबर पाण्यात गेली असती. आज सगळ्यांच्या पुढे तीच पळते.

तेव्हा तू सांगून मी ऐकणार नाही. बाबांनी सांगितलं तर ऐकीन. मार्चअखेर उम्मान्नाकला कुत्र्यांच्या स्लेजगाड्यांची शर्यत आहे, बाबांना घेऊन ये. बाबा गेले त्याच वसंतात तुला लेक झाली आणि तू तिला त्यांचंच पाविया नाव दिलंस, तेव्हा नावाबरोबर बाबाच परत आले म्हणून मी दोन दिवस नाचत होतो. बाबा पडक्या दातांनी कसे दिसतात ते एकदा बघू तरी दे. ती मला काय म्हणून हाक मारेल कोण जाणे. थोरल्या काकांचं नाव माझं, म्हणून बाबा मला जन्मभर दादा म्हणत आले. पोरगी नुसतं मामा म्हणाली तरी मी खूश.

बाबांना माझा नमस्कार, भावजींनाही. लोभ आहे तेवढा राहू दे, मोज्यासारखा कमीजास्त नको.

तुझा,
एनोक


नूक
२ मार्च १९८३

चि. एनोक यास,
अ. उ. आ.

काळजी करू नकोस असं तू लिहिलंस की माझी काळजी तिथूनच सुरू होते. पहार आपटत चालतो म्हणे! बाबा काय हात हलवत चालत होते? त्यांनी तर बर्फावर जन्म काढला होता. स्लेज सापडली, कुत्री दोरांत गुंतलेली सापडली, बाबा तेवढे सापडले नाहीत. सहा वर्षं झाली, अजून मी भांडी घासताना पाण्यात हात घातला की अंगावर काटा येतो. तू मात्र त्याच टोकाला वळसे घालतोस आणि वर मला मोज्यांवरून टोमणे मारतोस.

आम्ही येतोय. झाकारियासला कारखान्यातून रजा नाही, म्हणून मी आणि बाबा दोघंच. त्यांनी इथे कुत्रं म्हणून फक्त चित्रातलं पाहिलंय. कुत्री लापशी खातात का आणि रात्री पांघरूण घेतात का, असं रोज विचारणं चाललंय. कालपासून स्वतःचा वाळका मासा खिशात लपवून ठेवायला लागलेत, घरभर वास.

आणि हो, तू स्वतःच्या हाताने लिहिलंयस की बाबांनी सांगितलं तर ऐकीन. मी ते झाकारियासला वाचून दाखवलं. शब्द दिलायस, आता मागे फिरू नकोस. चौतिशी झाली तुझी. सीलच्या चरबीचा वास मारणाऱ्याला कोण बायको देणार? इथे गरम पाणी आहे, चार माणसं आहेत. मला एकच भाऊ उरलाय रे.

जिवाला जप. आशीर्वाद आहेतच, ते रोज अंगावर घालून बाहेर पडत जा.

तुझी,
बोलेथेताई


उम्मान्नाक
२८ मार्च १९८३

प्रिय झाकारियास,
स. न. वि. वि.

हवा बिघडलीय. हेलिकॉप्टरमध्ये एकच जागा होती, ती दवाखान्यातल्या नर्सबाईंना मिळाली, त्यांच्याबरोबर हे पत्र देतेय. आम्ही दोघी ठीक आहोत. एनोक कालच स्लेज घेऊन साट्टुतला परतला.

परवाचा दिवस कसा सांगू! पहाटेपासून सगळा डोंगर ओरडत होता. खडकाखडकाला कुत्री बांधलेली, आणि आज पळायचंय हे त्यांना माणसांआधी कळलेलं. बायका मण्यांच्या गळपट्ट्या घालून, पोरं नव्या बुटांत, चर्चपासून थेट बर्फापर्यंत माणूसच माणूस. प्रत्येक घरात कॉफी, प्रत्येक घरात खायला व्हेलच्या कातडीचे तुकडे. मला हसावं की रडावं कळेना. वाटेत भेटेल तो बाबांची आठवण काढायचा.

मी आपल्या पावियाला दहादा बजावलं होतं की बांधलेल्या कुत्र्याजवळ जायचं नाही, पोरांना फाडतात. एनोक दोर सोडवत होता, मी कॉफी ओतत होते, आणि तेवढ्यात ही बया थेट उप्पिकपुढे जाऊन उभी! माझ्या हातातून किटली पडली. कोणी हललं नाही. ते पांढरं धूड उभं राहिलं, हिचं तोंड हुंगलं, आणि हिच्या पायांवर डोकं ठेवून चक्क आडवं झालं. हिने खिशातला मासा काढून निम्मा तिला दिला, निम्मा स्वतः खाल्ला. बाबांचा दोस्त एलियास आठवतो ना, तो म्हातारा टोपी काढून पुढे आला, पाविया आपली कुत्री बघायला आलाय म्हणाला, आणि तपकिरीची डबी हिच्यापुढे धरली! हिनेही ऐटीत चिमूट घेतली आणि शिंकून शिंकून बेजार झाली. लोक हसले, पण डोळे पुसत हसले.

मग ती दिवसभर तिथून हलली नाही. दोर पंख्यासारखे पसरायचे, कुत्री एकमेकांवरून उड्या मारून त्यांची वेणी करायची, आणि एनोक उघड्या बोटांनी ती सोडवायचा. ही शेजारी बसून कुत्र्यांना रागवत होती. स्लेजा हिमनगाला वळसा घालून परत आल्या तेव्हा एनोक खूप मागे होता. एका कुत्र्याचा पाय कापला होता, त्याला स्लेजवर घेऊन आला. हरल्याचं त्याला काहीच नव्हतं. इतका खूश मी त्याला लहानपणानंतर पाहिला नव्हता.

आता जे सांगतेय त्यावर रागावू नकोस. आदल्या दिवशी मी पावियाला शिकवून ठेवलं होतं. मामाने विचारलं तर काय म्हणायचं ते घोकवून घेतलं आणि बिस्किटांचा पुडा कबूल केला. कुत्र्यांना सीलचं मांस घालून झालं, सगळे भोवती उभे होते, तेव्हा एनोक तिच्यापुढे उकिडवा बसला. मस्करी करत होता की खरंच, देव जाणे. बाबा, कुत्री ठेवू की सोडू, म्हणून विचारलं त्याने. तिने माझ्याकडे पाहिलं. मग एका दमात म्हणाली की एनोक, पुरे झालं आता, कुत्री सोड आणि माझ्या लेकीकडे नूकला जा.

एलियासने एनोककडे पाहिलं. एनोकने तिची टोपी नीट केली. मग बरं बाबा म्हणाला आणि उठला.

मी जिंकले, झाकारियास. भाऊ वाचला माझा. मग मला असं चोरी केल्यासारखं का वाटतंय? पावियाने बिस्किटांना हात लावला नाही. पुडा तसाच आहे.

जेवणाची हेळसांड करू नकोस. भेटीपर्यंत जीव तुझ्यापाशी आहे, सांभाळ.

तुझी,
बोलेथे


साट्टुत
८ एप्रिल १९८३

ती. बोलेथेताईस,
एनोकचा स. न. वि. वि.

तुम्ही सुखरूप पोचलात हे दुकानातल्या बिनतारी फोनवरून कळलं. तिथे बोलायला मी आलो नाही. सगळं गाव ऐकत बसतं, आणि मला बोलताही आलं नसतं.

ताई, काम झालं. तरणी कुत्री एलियासने घेतली. बाकीच्यांना कोणी विचारेना, आणि म्हातारं कुत्रं दुसऱ्याच्या चाबकाखाली द्यायचं नाही, हे बाबांनीच शिकवलंय. आपलं कुत्रं आपल्याच हाताने. ईस्टरची प्रार्थना झाली, मग मी खडकांच्या मागे नेलं एकेकाला. उप्पिकला शेवटी. तिला वाटलं निघालो कुठेतरी. ती नेहमीसारखी पुढे गेली, थांबली आणि कुठे वळायचं ते विचारायला मागे बघितलं. मी उजवीकडे म्हटलं. ती उजवीकडे वळली.

वस्तीत आता फार शांत वाटतं. पहाटे जाग येते आणि कशाने आली ते कळत नाही.

एक सांगतो, ते ऐक आणि परत कधी काढू नकोस. ते बाबा नव्हते बोलले, तू बोललीस. पोरीने एनोक म्हटलं तेव्हाच मी ओळखलं. बाबांच्या तोंडी हे नाव कधी आलंच नाही. एलियासनेही ओळखलं, म्हणून तर त्याने माझ्याकडे पाहिलं. पण मीच चारचौघांत विचारलं होतं. तिथे उठून हे बाबा नव्हेत म्हटलं असतं, तर सगळ्यांसमोर तिचं नाव तिच्यावरून उतरलं असतं. नाव उतरलेलं पोर जगत नाही, हे आई आपल्याला सांगायची. खरं असेल नसेल. पण ते करून बघायची माझी छाती झाली नाही. कुत्री काय, पुन्हा होतात. मला बाबा पुन्हा कुठून मिळणार?

रागावलो होतो, आता नाही. तू मायेपोटी केलंस. पहिल्या बोटीने येतो. भावजींना सांग, कोळंबी सोलायला शिकीन म्हणावं.

तिला कुत्र्यांचं काही सांगू नका. एलियासकडे मजेत आहेत म्हणा. लोभ ठेव, मलाही ठेवायला जमेल.

तुझा,
एनोक


नूक
९ एप्रिल १९८३

चि. एनोक यास,
अ. उ. आ.

हे पत्र मिळताच हातातलं काम टाकून आधी वाच. फोनवर सांगणार होते, पण हे गावाला ऐकवण्यासारखं नाही.

माझ्याकडून चूक झाली रे. शर्यतीच्या दिवशी पाविया जे बोलली, ते मी तिला शिकवलं होतं. बिस्किटं देऊन. तुला थापडा मारायच्या तर ये आणि मार, पण तो शब्द पाळू नकोस.

परतल्यापासून पोर धड जेवत नाही. उप्पिक हाक मारतेय म्हणून खिडकीशी जाऊन बसते. इथे कुठली उप्पिक? आज सकाळी लापशी पुढे ठेवली तर तिने चमचा खाली ठेवला आणि मोठ्या माणसासारखी माझ्याकडे बघून म्हणाली की दादा रागावला असेल. मी विचारलं, कोण दादा? तर म्हणे आपला दादा, साट्टुतचा. त्याला कळव की कुत्री ठेव म्हणून, मी नाही म्हटलं नव्हतं.

एनोक, देवाशपथ सांगते, हे मी शिकवलं नाही. बाबा तुला दादा म्हणायचे हे तिच्यापुढे घरात कधी निघालंच नाही. झाकारियास म्हणाला की तिकडे कोणाकडून तरी ऐकलं असेल. असेलही. मी मात्र लापशी तशीच ठेवून हे पत्र लिहायला बसले. आणि तेव्हा लक्षात आलं की मी मूर्खासारखं तिला एनोक म्हणायला शिकवलं होतं! बाबांचं सोंग आणलं आणि तेही धड नाही.

पण त्यातच मला धीर आहे. तू तर तिथल्या तिथे ओळखलं असशील. बरं बाबा म्हणालास ते पोरीचं मन राखायला, हो ना? मनात हसला असशील माझ्या लबाडीला. म्हणून मी देवाचे आभार मानते की माझा भाऊ माझ्याहून शहाणा आहे.

तू तिथेच राहा. टोकाला लांबून वळसा घे, पहार आपट, पण राहा. पुढच्या शर्यतीला आम्ही तिघं येऊ. नूकला ये असं मी पुन्हा म्हणणार नाही. बाबांनीच सांगितल्यावर मी कोण बोलणारी?

उत्तर लगेच टाक. माझ्यावरचा लोभ आटला असेल तर थोडा उसना लिहून पाठव.

तुझी,
बोलेथेताई

ता. क. सोबतच्या पुडक्यात वाळका मासा आहे. बाबांनी सगळ्या कुत्र्यांचे तुकडे स्वतः बांधले, मला हात लावू दिला नाही. लाल दोरा बांधलाय तो उप्पिकचा. तो तिलाच द्यायचा आहे, दुसऱ्या कुणाला देऊ नकोस.