आईचा गोटा

मंगळवार, संध्याकाळ. इल्फर्ड, लंडन.

आई गेल्यापासून गावाकडे एकटे राहणारे आबा ऐकतच नाहीत. आजपण व्हिडिओ कॉलवर आईच्या गोट्यानं लसूण ठेचत बसलेले. म्हटलं, "आबा, त्यानं आई मडकी घोटायची." तर म्हणे, "मग तू ये आन् घोट! गोऱ्यांची खोकी कशाला उचलतो?"



आज वेअरहाऊसमध्ये अमेरिकेतल्या प्वेब्लो आदिवासींचं काळं मडकं पॅक केलं. मॅनेजरबाई सांगत होती, ते लोक चाकाशिवाय घडवतात, गोट्यानं घोटतात, भाजताना शेणखतानं आग कोंडतात, त्या धुरानं मडकं काळं होतं. आणि गोटा आईकडून लेकीला जातो. आमच्या आईला लेक नव्हती. मी होतो.

मडकं उजेडात धरलं तर गोटा फिरल्याच्या बारीक रेघा दिसल्या. तेव्हापासून कानात तोच आवाज, सर्र, सर्र. बसमध्येपण. आई जाऊन दोन वर्षं झाली, पण आवाज असा, जणू मागच्या खोलीतच बसलीय.

लसणाचं तेल प्यायलेल्या गोट्यानं परत मडकं घोटता येतं का? कुणाला विचारू? जिला माहीत होतं तीच गेली.

आबांना लोखंडी खलबत्ता घ्यायला पैसे पाठवतोय. गोटा धुऊन आईच्या साडीत गुंडाळून ठेवा म्हणावं. वीस पौंड.